ओला पारा

‘ध्रुवा’ उडाला त्या सकाळी मला संकष्टी होती. कातळबंदरला माझा मामा आंघोळ करून, गंध लावून, टीव्हीसमोर न बसता अंगणातल्या पांढऱ्या पेटीसमोर उभा होता. उड्डाणाची वेळ आठ पंचवीस, मामाची नोंदीची वेळ साडेआठ. तुझ्या त्या टोपलीसाठी मी माझी वेळ चुकवणार नाही, असं त्याने मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. टोपली म्हणजे आमचा उपग्रह.

दक्षिणेच्या किनाऱ्यावरून रॉकेट सुटलं, समुद्रावर दक्षिणेकडे झुकलं, सतराव्या मिनिटाला उपग्रह मोकळा झाला. अंटार्क्टिकावरच्या स्टेशनाने त्याची पहिली हाक ऐकली तेव्हा आमच्या पुण्याच्या केंद्रात सगळे उभे राहिले. मी मनातल्या मनात नमस्कार केला. तेवढ्यात मामाचा फोन आला. सुका पंचवीस दशांश चार, ओला बावीस दशांश एक, आणि तुझी टोपली पोचली का?

ध्रुवा दोन्ही ध्रुवांवरून फिरतो. नेहमीचे हवामान उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी टांगल्यासारखे असतात. त्यांना ढगांचे माथे दिसतात, ढगांखालची हवा नीट दिसत नाही. ध्रुवा आठशे किलोमीटरवरून जातो. शंभर मिनिटांत एक फेरी. खाली पृथ्वी फिरत असते, त्यामुळे रिळावर सूत गुंडाळावं तशी त्याची वाट दर फेरीला थोडी पश्चिमेला सरकते आणि दिवसातून दोनदा प्रत्येक गाव त्याच्या नजरेखालून जातं. कक्षा अशी बेतलेली की आपल्या मुलखात तो कुठल्याही गावावर आला की तिथे अडीच वाजलेले असतात, दुपारचे नाहीतर रात्रीचे. रोज, न चुकता. मला त्याचं हेच फार आवडलं होतं. ज्याची वेळ बांधलेली आहे त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो. मी तशाच घरात वाढले.

माझे वडील मी सात वर्षांची असताना गेले. मामाने आईला आणि मला कातळबंदरला आणलं. अच्युत खांबेटे, शाळेत गणिताचा मास्तर. त्याच्या अंगणात हवामानाच्या नोंदीची झडपांची पेटी होती. गावातले लोक तिला मास्तरांचं खुराडं म्हणायचे आणि अंडी किती मिळाली म्हणून विचारायचे. मामा सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला ते खुराडं उघडायचा. मामी गेली त्या दिवशी तिला खाली ठेवलेलं असताना तो साडेआठला उठून अंगणात गेला. गावात त्यावरून बरंच बोललं गेलं. आई म्हणाली, त्याला दुसरं काय येतं.

पेटीत दोन तापमापक. एक उघडा, तो सुका पारा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी, पट्टीची वात खाली पाण्याच्या वाटीत सोडलेली, तो ओला पारा. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला पारा नेहमी सुक्याच्या खाली. हवा जितकी दमट तितकं पाणी कमी वाळतं आणि दोन्ही पारे जवळ येतात. माणसाचं अंग म्हणजेही ओला पाराच. घाम वाळतो तोवर आपण निवतो. ओला पारा वर चढला की घाम नुसताच वाहतो. पस्तीसला धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसून सहा तासांत जातो. म्हाताऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना बत्तीस पुरे होतात.

वाटीत पाणी घालणं लहानपणी माझं काम होतं. अडीचला पाच कमी असताना कालचं पाणी ओतून टाकायचं, विहिरीचा ताजा पोहरा काढायचा, वाटी भरायची, पट्टी भिजवायची, मग मामा पारा वाचायचा. शिळ्या पाण्याने देवाला आंघोळ घालत नाहीत, मामा म्हणायचा, मग आपण मोजमाप शिळ्या पाण्याने का करायचं? मला ते इतकं पटलं होतं की आजही माझ्या देवघरात तांब्या भरून ठेवलेलं पाणी मी दुसऱ्या दिवशी वापरत नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी पूर्व किनाऱ्यावर एका आठवड्यात माणसं फार गेली. त्यानंतर देशात नवा कायदा आला. ओला पारा बत्तीस होईल असा अंदाज निघाला की त्या तालुक्यात उघड्यावरचं काम बंद, कारखाने बंद, शाळाशाळांतून वातानुकूलित थंड खोल्या उघडायच्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथे आणायचं. बत्तीसच्या आत काही नाही. बत्तीसचा हा अंदाज अचूक निघावा म्हणून ध्रुवा बांधला होता, आणि वर गेल्यावर तो कामाला लावायचा, त्याचे आकडे जमिनीशी ताडून बघायचे, दुरुस्ती ठरवायची, हे काम माझ्याकडे होतं.

पहिला महिना काहीच करायचं नसतं. जमिनीवरून नेलेली ओल, गोंदाचे वास, सगळं अवकाशात हळूहळू सुटून जावं लागतं, नाहीतर ते थंड आरशांवर जाऊन बसतं. तोवर उपकरणं बंद. इब्राहिम परकार हा उपकरणांचा मुख्य, दापोलीकडचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, ताई, उपग्रहालाही तुमचा वारा लागला का, महिनाभर लंघन? मी म्हटलं, लंघनाने बुद्धी साफ होते, बघा तुम्ही.

आणि झालीही. महिन्याने उपकरण चालू केलं तेव्हा पहिल्याच फेरीत अरबी समुद्रावरची हवा थराथराने दिसली. पाण्याची वाफ अगदी क्षीण रेडिओलहरी सोडत असते आणि प्रत्येक उंचीवरच्या वाफेचा सूर वेगळा असतो. भजनाला डोळे मिटून बसलं तरी कोण कुठे बसून गातंय ते कळतं ना, तसं ध्रुवा वरून ऐकतो. दर दोन सेकंदांनी तो एकदा काळ्या थंड आकाशाकडे बघतो, एकदा स्वतःच्या पोटातल्या गरम पट्टीकडे, आणि या दोन माहीत असलेल्या टोकांमध्ये पृथ्वीचा आकडा बसवतो. पण जमिनीलगतच्या अगदी दमट हवेत सूर एकमेकांत मिसळतात. तिथे कोणीतरी खालून खरं सांगावं लागतं.

खालून खरं सांगणारे किनाऱ्यावर उरले नव्हते. सगळीकडे आपोआप चालणारी यंत्रं, आणि खाऱ्या वाऱ्यात त्यांचे दमटपणा मोजणारे भाग दोन वर्षांत बिघडायचे. त्यांचे आकडे कोणी इकडे, कोणी तिकडे. हाताने वाचलेली, सेहेचाळीस वर्षं एकही दिवस न तुटलेली नोंद सबंध कोकण किनाऱ्यावर एकच होती. कातळबंदर.

फेब्रुवारीत मामाचं आणि ध्रुवाचं छान जमलं. दशांशाच्या आतबाहेर. मार्चमध्ये ओला पारा अठ्ठावीसच्या वर जायला लागला तसं ध्रुवा थोडं जास्त सांगायला लागला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामा तीस म्हणाला तेव्हा ध्रुवा एकतीस म्हणाला. जितका दमट दिवस तितका फरक मोठा. दमट हवेत उपकरण अतिशयोक्ती करतं, असा याचा अर्थ मी लावला, आणि तिसाच्या आसपासपासून पुढे चढत्या प्रमाणात वजाबाकी करणारी एक दुरुस्ती बसवली.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. तुझी टोपली आठशे किलोमीटरवरून बघते, मी दीड हातावरून, म्हणाला. तिला सांग, चष्मा बदल.

इब्राहिम खूश नव्हता. त्याने दोनतीन वेळा येऊन आकडे दाखवले. मग एकदा दार लावून बसला.

“ताई, माझं उपकरण दर दोन सेकंदांनी स्वतःला तपासतं. तुमचे मामा स्वतःला कधी तपासतात?”

“रोज साडेआठला,” मी म्हटलं.

तो हसला नाही. नियमाप्रमाणे संदर्भ केंद्राची, म्हणजे तुमच्या मामांच्या पेटीची, पाहणी व्हायला हवी, ती तरी नीट करा, एवढंच म्हणाला. मला ते लागलं, पण मी आवाज चढवत नाही. जाते म्हणाले.

पाहणीचा नियम असा की तपासणाऱ्याने एका वेळची नोंद डोळ्यांनी बघायची. मी दशमीला घरी दिवा लावून निघाले आणि एकादशीच्या पहाटे कातळबंदरला पोचले. सकाळी मामा साडेआठला पेटीशी गेला, जुनं पाणी ओतलं, पोहरा काढला, वाटी भरली, पट्टी भिजवली, पारा वाचला. सत्तावीस. मी माझा प्रमाणित ओला तापमापक त्याच्या शेजारी धरला. सत्तावीस. मी मापं घेतली, फोटो काढले, अर्ज भरला. मामा म्हणाला, अडीचची बघून जा की, घाई काय आहे. पण माझ्या घरी दिवेलागणीला देवापाशी दिवा मी स्वतः लावते, लग्न झाल्यापासून तो नेम आहे. एकोणीस वर्षांत तो मोडला नव्हता. दहाला निघाले तरच संध्याकाळच्या आत पुण्याला पोचणार होते. मामाने आग्रह केला नाही. नेम त्याला सांगावा लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी माझ्या सहीने दुरुस्ती पक्की झाली आणि ध्रुवा कामाला लागला. मामाला कळवलं तेव्हा त्याने शेजारच्या मंदाताईंना सांगून खरवस करवला. मंदाताई त्याचा दोन वेळचा स्वयंपाक बघायच्या. शेवटी टोपलीने मास्तरांचं ऐकलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मेच्या चौदा तारखेपासून किनाऱ्यावरचा वारा पडला. समुद्र आधीच तापलेला. अंदाज निघाला, चार दिवस ओला पारा एकतीस ते साडेएकतीस. बत्तीसच्या आत. थंड खोल्यांना कुलपं राहिली. आंब्याच्या बागांतून काम चालू, कॅनिंगचे कारखाने चालू, बंदरावर बर्फ फोडणारे, जाळी ओढणारे सगळे कामावर.

सोळा तारखेला दुपारी इब्राहिम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काल एका कारखान्यात आंब्याचा रस काढणाऱ्या सात बायका एका तासात पडल्या, त्यातल्या चार गेल्या. त्याने कालचा दुरुस्तीशिवायचा आकडा कागदावर लिहून आणला होता. बत्तीस दशांश नऊ. आपण जगाला सांगितला होता एकतीस दशांश दोन.

“एकतीसला सात बायका एकदम पडत नाहीत, ताई.”

अडीचला सहा मिनिटं होती. मी मामाला फोन लावला आणि फोन चालूच ठेव म्हटलं. पोहऱ्याचा आवाज आला, पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग मामा नेहमीच्या संथ आवाजात म्हणाला, “सुका सदतीस दशांश दोन. ओला एकतीस दशांश तीन.”

“मामा, पाणी कधी घातलंस?”

“आत्ता. कधी घालतो मी?”

विचारेपर्यंत मला काही माहीत नव्हतं. विचारता विचारता कळलं. विहिरीचं पाणी बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं असतं. पूर्वी कातळबंदरला ओला पाराही उन्हाळ्यात तेवढाच असायचा, त्यामुळे ताजं पाणी घालून लगेच वाचलं तरी फरक पडत नव्हता. आता ओला पारा पाण्याहून पाच अंश पुढे गेला होता, आणि भिजवलेली पट्टी हवेचा आकडा सांगायच्या आधी विहिरीचा आकडा सांगत होती. पाणी पंधरा मिनिटं आधी घालून हवेत मुरू द्यावं, हा नियम पुस्तकात आहे. तो मी परीक्षेत लिहिला आहे. शिकवला आहे. मामाच्या अंगणात मात्र तो मला कधी आठवला नाही, कारण तिथे मी तो शिकायच्या आधी पोहरा शिकले होते.

मी म्हटलं, पाणी न बदलता पावणेतीनला पुन्हा वाचशील का. तो म्हणाला, नोंद एकदाच होते, वरदे. मी म्हटलं, माझ्यासाठी.

पावणेतीनला त्याने पेटीचं दार पुन्हा उघडलं.

“तेहेतीस,” म्हणाला.

“दशांश?”

“शून्य.”

मला समजावून सांगावं लागलं नाही. गणिताचा मास्तर होता. विहिरीचं पाणी किती असतं गं, एवढं त्याने विचारलं, मी सांगितलं.

“म्हणजे ताप जितका जास्त, तितकी माझी चूक जास्त.”

“हो.”

“आणि तुझ्या टोपलीला मी ती शिकवली.”

“मी शिकवली, मामा.”

“ते आता कोण कोणाला समजावणार,” तो म्हणाला. “तुला काय लागेल, ते सांग.”

लागणार होतं ते असं. दुरुस्ती त्याच दिवशी मागे घ्यायची तर तातडीची समिती बसवावी लागते, ती सहाला बसू शकत होती, आणि तिच्यापुढे संदर्भ केंद्राच्या नव्या नोंदी ठेवायच्या तर दर पंधरा मिनिटांची एक अशा निदान बारा हव्यात. मी बारा म्हटलं. एक झाली, अकरा राहिल्या, तो म्हणाला, म्हणजे साडेपाचपर्यंत.

ओसरीपासून पेटी बावीस पावलं. बावीस जायची, बावीस यायची, दर वेळी दोनतीन मिनिटं उन्हात उभं राहायचं. वय एकोणऐंशी. तेहेतीसच्या ओल्या पाऱ्यात हे काय आहे, ते या देशात माझ्याइतकं नेमकं फार थोड्यांना माहीत असेल. मी म्हटलं, मंदाताईंना वाचायला सांग ना. तो म्हणाला, मंदा बहिणीकडे गेली आहे, पाचनंतर येईल, आणि तिला दशांश कुठे कळतो. मी म्हटलं, डोक्यावर ओलं फडकं ठेव. फडकं वाळणार नव्हतं. तेही मला माहीत होतं.

तीनला तेहेतीस दशांश एक. सव्वातीनला तेवढाच. इब्राहिम माझ्या शेजारी बसून आकडे आलेखावर टाकत होता आणि ते ध्रुवाच्या मूळ आकड्यांवर एकामागून एक असे बसत होते, की त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. साडेतीनच्या नोंदीला मामा म्हणाला, सेहेचाळीस वर्षांत इतक्या वेळा खुराडं उघडलं नव्हतं, कोंबड्या असत्या तर पळाल्या असत्या. चारला वीज गेली. बरं झालं, म्हणाला, पंखा नुसता कढत वारा मारत होता. पाणी पितोस ना, विचारलं. पितो म्हणाला. साडेचारच्या नोंदीपासून तो विनोद करेनासा झाला. आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा.

पाचला तो सुक्या पाऱ्याचा आकडा सांगायला विसरला. इब्राहिम हळूच म्हणाला, ताई, आता पुरे करा, नऊ-दहावर मी समितीशी भांडतो. मी म्हटलं, बारा लागतात.

सव्वापाचला फोन आला.

“तेहेतीस दशांश दोन,” मामा म्हणाला. शब्द जड येत होते. मग विचारलं, “तुझी मामी आली का गं बाजारातून? मघापासून हाका मारतोय.”

उष्माघातात माणूस आधी घामाने निथळतो, मग त्याचं डोकं भरकटतं, मग तो खाली बसतो. हा क्रम मी गावोगावच्या आरोग्यसेविकांना भाषणांतून सांगितलेला आहे. भरकटलं की तिथेच थांबवायचं.

मी आधी आकडा लिहिला.

मग म्हटलं, “मामा, आत जा. झोप. पुरे झालं.”

“सव्वापाच झाले,” तो म्हणाला. “पुढची साडेपाच.”

साडेपाचला फोन आला नाही. पावणेसहापर्यंत मी नऊ वेळा लावला. सहाला दहा कमी असताना मंदाताईंनी उचलला. मास्तर पेटीपाशी पडलेत, त्या म्हणाल्या, पेटीचं दार उघडंच आहे, अंग तव्यासारखं आहे आणि श्वास नाही. त्या रडत नव्हत्या. पाणी घालू का अंगावर, विचारत होत्या. मी म्हटलं, घाला.

सहाला मी समितीसमोर बसले. मामाबद्दल कोणाला सांगितलं नाही. अकरा नोंदी दाखवल्या, विहिरीच्या पाण्याचं सांगितलं, माझी चूक कुठे झाली ते सांगितलं, दुरुस्ती आजच मागे घ्या आणि उद्याचा इशारा बत्तीसच्या वरचा काढा, अशी विनंती केली. संचालक शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“वरदाताई, ज्या केंद्राच्या नोंदींवर तुम्ही शंका घेताय, त्याच केंद्राच्या, त्याच माणसाने घेतलेल्या नोंदी तुम्ही पुरावा म्हणून देताय. बारा असत्या तरी मला उत्तर हेच द्यावं लागलं असतं. दुसरं केंद्र आणा.”

नियम तसाच आहे, आणि तो बरोबर आहे. शंका असलेल्या केंद्राला स्वतःची साक्ष देता येत नाही. मला तो माहीत होता. दुपारी पावणेतीन ते साडेपाच तो मला आठवला नाही, की मी आठवू दिला नाही, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

दुसरं केंद्र उभं करायला दोन दिवस लागले. पुण्याहून माणसं आणि उपकरणं किनाऱ्यावर गेली, दोन दुपारी मोजलं, अठराच्या संध्याकाळी दुरुस्ती मागे घेतली गेली. एकोणीसला पहिला खरा इशारा गेला आणि शाळांची कुलपं उघडली. तोवर किनाऱ्यावर चारशेच्या वर माणसं गेली होती. बागांतले नेपाळी राखणदार बरेच होते. त्यांची गावं शोधायला पुढे महिना गेला.

मी सतराला पहाटे कातळबंदरला पोचले आणि मामाला अग्नी दिला. दुसरं कोणी नव्हतं.

चौकशी झाली. मी काही लपवलं नाही. पण चौकशीत पाहणीचा अर्ज बघितला गेला आणि तो सर्व कलमांनी पूर्ण होता. एका वेळची नोंद डोळ्यांनी बघायची होती, मी बघितली होती. कोणती वेळ, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं आहे. मला कोणी शब्दानेही बोललं नाही. उलट एक वरिष्ठ बाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तुमच्या श्रद्धेने तुम्ही यातून बाहेर याल.

ध्रुवा आता खरं सांगतो. या वर्षी कातळबंदरला एकोणपन्नास दिवस बत्तीसच्या वरचे निघाले. एकोणपन्नास दिवस बागा बंद, बंदर बंद, कारखाना कायमचाच बंद. मंदाताई मुलाकडे चिपळूणला गेल्या. तिथे अडतीस दिवस निघाले.

सगळ्यात शेवटी संदर्भ केंद्रांची नवी यादी करायची होती आणि तीही माझ्याकडेच आली. कातळबंदरच्या दुपारच्या सर्व नोंदी वगळायच्या होत्या. मागे जाऊन कोणती नोंद किती चुकली, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. सकाळच्या नोंदीही मग नुसत्या काही कामाच्या उरत नव्हत्या. सेहेचाळीस वर्षं.

इब्राहिम आला आणि या वेळी दार न लावता बोलला.

“ते शेवटचे अकरा आकडे ठेवा, ताई. ते बरोबर आहेत. तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत माझ्या उपकरणाशी जुळलेत. तेवढे वेगळे काढून ठेवता येतात.”

मी म्हटलं, एकदा मी मामासाठी अपवाद केला होता, न तपासता त्याचं खरं धरलं होतं.

“तेव्हा तो चूक होता. आज बरोबर आहे.”

“तेव्हाही मला बरोबरच वाटला होता, इब्राहिम.”

तो गेला. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलतो.

पडद्यावर केंद्राचं नाव होतं आणि पुढे वगळण्याचं कारण. कारण लिहायचं नव्हतं, निवडायचं होतं. तीन होती. उपकरणदोष. जागेतील बदल. निरीक्षकदोष. तपासणाऱ्याच्या चुकीचं चौथं कारण आहे का म्हणून मी संगणक विभागाला विचारलं. असं कारण आजवर कोणाला लागलं नाही, ते म्हणाले, हवं असेल तर मागणी नोंदवा, पुढच्या आवृत्तीत बघू. यादी त्याच संध्याकाळी जायची होती.

उपकरणात दोष नव्हता. जागा बदलली नव्हती.

मी तिसरं निवडलं. अच्युत बाळकृष्ण खांबेटे, निरीक्षकदोष, सर्व नोंदी. खाली माझं नाव आलं, तारीख आपोआप पडली, आणि मी सही केली.